थोरला शटल

वर्तमानपत्राच्या डेस्कवर तालुक्यांतून येणाऱ्या बातम्यांत ‘सेटल’ हा शब्द दिसला की मी तो काढतो. कामच ते आहे. बांधावरचं भांडण सेटल झालं असेल तर छापताना ते ‘मिटलं’ होतं. विम्याचा दावा ‘निकाली निघतो’. कंपनी आणि कामगार सेटल झाले की ‘तडजोड झाली’, कांद्याचा भाव सेटल झाला की ‘स्थिरावला’, परदेशात कुणी सेटल झालं की ‘स्थायिक’. कुरकुंभच्या वार्ताहराने एकदा लिहिलं होतं की सांडपाण्यातली घाण टाकीत सेटल होते. तिथे ‘तळाशी बसते’ केलं. एका इंग्रजी शब्दाला मराठीत इतके शब्द आहेत आणि त्यांतला एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

आमच्या नात्यात मात्र हा शब्द काढता येत नाही. आजोबा मेंढरं घेऊन फिरले, वडिलांनी निमोण्यात जमीन कसायला घेतली, आणि आता मुलगी द्यायची असली की पहिला प्रश्न असतो, पोरगा सेटल आहे का. त्यात नोकरी येते, पुण्याच्या बाजूचं घर येतं, व्यसन नसणंही येतं. या अर्थाने मी सेटल आहे आणि माझा धाकटा भाऊ नाही, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. दौंडला माझा स्वतःचा फ्लॅट आहे, बायको शाळेत शिकवते. धाकटा शिक्रापूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि कारखान्यात कंत्राटावर शिफ्ट करतो. कंत्राट बदललं की ‘फायनल सेटलमेंट’ होते, म्हणजे त्याची नोकरी जाते. मग तो दुसरीकडे लागतो.

वडील गेल्यावर आई निमोण्यात एकटी पडली. पुढे तिचा गुडघा चालेना. मामांनी आम्हा दोघांना समोर बसवून हा विषय सेटल करा म्हणून सांगितलं, आणि सांगताना ते माझ्याकडेच पाहत होते. माझी तयारी झालेली होती. फ्लॅटमधली रस्त्याकडची खोली रिकामी करून घेतली होती, संडासात धरायला दांडी बसवली होती, उठबस सोपी जावी म्हणून खाट उंच घेतली होती. आई म्हणाली, आधी पंधरा दिवस धाकट्याकडे राहते, मग बघू. ते पंधरा दिवस दिवाळी होऊन गेली तरी संपले नाहीत.

मी रोज संध्याकाळी फोन करायचो. आई थोडक्यात बोलायची आणि फोन भावजयीकडे द्यायची. मागून हसण्याचे आवाज यायचे, त्यात आईचाही असायचा. कशावर हसताय, असं विचारलं की कुणी नीट सांगत नसे. एका संध्याकाळी भावजय म्हणाली, “आत्या आता हितं सेटल झाल्यात, दादा.”

फोन ठेवल्यावर मी सवयीने तिथे मराठी शब्द शोधू लागलो. ‘स्थायिक’ सरकारी वाटत होता. ‘रुळल्या’ बरोबर बसत होता, पण तो मला नको होता. ‘रमल्या’ तर त्याहून नको. ‘मुक्कामाला आहेत’ हा पसंत पडला, कारण मुक्काम कधीतरी हलतो. पण भावजय तसं म्हणालीच नव्हती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आईला आणायला गेलो. भावाच्या खोल्या तळमजल्यावर एका लांब पडवीत आहेत. शेजारच्या खोल्यांत बिहारहून आलेली कुटुंबं राहतात. आई पडवीत खुर्चीवर बसून त्यांच्या बायकांबरोबर मटार सोलत होती. त्या तिला अम्मा म्हणत होत्या. ती अर्ध्या हिंदीत गोष्ट सांगत होती. लहानपणी मेंढरांमागे चालताना एक कोकरू मागे राहिलं, ते शोधायला ती परत गेली, आणि नदीला पाणी वाढल्याने रात्रभर पलीकडेच बसून राहिली. मी तिचा मोठा मुलगा. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. परक्या बायकांना ती माहीत होती आणि त्यांतली एक पुढचं आधीच सांगत होती.

मला पाहून आई त्यांना म्हणाली, “ये मेरा थोरला. शटल हाय.”

बायका नुसत्या हसल्या. भावजय दारातून म्हणाली, “आत्या, सेटल.”

“त्येच म्हणती की. शटल.”

मग कळलं की आईचा शब्द खरंच तोच होता. मी नोकरीला लागलो तेव्हा दौंडहून पुण्याला रोज शटल गाडीने जायचो. गावातली नोकरीवाली मुलं सगळी त्याच गाडीने जायची. त्यामुळे नोकरी लागलेला मुलगा म्हणजे शटल झालेला मुलगा, असा अर्थ तिने धरला होता आणि आजवर कुणी तो दुरुस्त केला नव्हता. मीही केला नाही.

तिच्याजवळ बसून विचारलं, “मग तू कुठं सेटल होणार, आई?”

“मला न्हाई शटल व्हायचं. तुझं घर शटल हाय, बाबा. सकाळी दोघंबी जाता, दिस बुडल्यावर येता. तवर मी काय कुलपाला राखन बसू?”

मी दिवसभरासाठी बाई ठेवण्याचं बोललो. खोलीचं, दांडीचं, टीव्हीचं बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मटार सोलत राहिली.

“हितं कुनीतरी आसतंच,” ती म्हणाली. “धाकटा रातपाळी करून झोपल्याला आसला, तरी आसतो.”

धाकटा आत झोपलेलाच होता. आमच्या बोलण्याने जागा होऊन बाहेर आला. “घेऊन जा की दादा,” तो म्हणाला. “हिच्या गप्पांनी मला झोप न्हाई महिना झाला.”

आई त्याच्यावर खोटं खोटं रागावली. आई ज्याच्याकडे आहे त्यालाच असं सहज ‘घेऊन जा’ म्हणता येतं. माझ्याकडून ते कधी म्हणून झालं नसतं.

थोडे दिवस तरी चल, असं मी पुन्हा म्हणालो. “येईन की सणावाराला,” ती म्हणाली. सणावाराला पाहुण्यांकडे जातात.

जेवायला आम्ही आत बसलो. भावजय भाकरी करत होती आणि आई तिच्याजवळ खुर्ची ओढून वाढत होती. पहिली भाकरी तिने धाकट्याच्या ताटात टाकली, रातपाळीवरून येऊन तो उपाशीच झोपला होता म्हणून. दुसरी तव्यावर फुगली होती. ती माझी, असं मी धरून चाललो. ती धाकट्याच्या पोराला गेली. तिसरी माझ्या ताटात आली तेव्हा आई म्हणाली, “तुला काय, तू सावकाश खा.”