कप्तानाचा धबधबा

कप्तान आयुष्यात कुठल्या जहाजावर चढला नव्हता. तो बुटांच्या दुकानात विक्रेता होता. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे गुडघ्यावर बसायचं आणि त्यांच्या पायांत बूट चढवायचे, हे त्याचं काम. पण कुणी चालण्याचे जाड बूट मागितले, की त्याची जीभ सुटायची. "समुद्रकाठची वाट करायचीय ना? मग आपल्याला विचारा! आधी कडे, मग दलदल, मग ते रान. आणि रानात असा धबधबा, की बघतच राहाल!" गिऱ्हाईक खरंच बघत राहायचं आणि महागातला जोड घेऊन जायचं. गल्लीने थट्टेने कप्तान म्हटलं, तर या पठ्ठ्याने ते नाव मानाने मिरवलं.

त्याची बायको दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, खिडकीशी पायमशीन टाकून कपडे दुरुस्त करायची. चेन बदल, कंबर सैल कर, पँटची खालची मोहरी वर घे. त्या वाटेवरून आलेल्यांच्या पँटी तिच्याकडेच यायच्या, आणि मोहरी उलटली की माणूस कुठवर जाऊन आला ते तिला कळायचं. कड्यांवरची तांबडी धूळ झटकली की जायची. दलदलीचा काळा चिखल मात्र शिवणीत जाऊन बसायचा आणि ब्रशलाही दाद द्यायचा नाही. रानातून आलेल्यांच्या दुमडीत काटेरी बिया अडकलेल्या असायच्या. नवऱ्याच्या पँटी तर लग्नापासून तीच धूत होती. तांबडी धूळ, बस्स. एक काळा ठिपका नाही की एक बी नाही.

म्हणजे स्वारी दलदलीच्या तोंडाशीच माघारी फिरत होती. लग्न झाल्याझाल्या त्याने तिलाही नेलं होतं, "चल, तुला रान दाखवतो" म्हणून. दलदलीवरच्या फळ्यांपाशी थांबला, खाली पाहिलं आणि म्हणाला, "पुढे काही नाही बघण्यासारखं." नव्या नवरीने विश्वास ठेवला. पुढे मोहऱ्या बोलू लागल्या तसा विश्वास उडाला, आणि त्या जागी जी तुच्छता येऊन बसली ती हललीच नाही. भित्रेपणाचं तिला काही नव्हतं. झुरळ दिसलं तर तीही किंचाळायची. पण हा माणूस परक्यांना सांगतो रान आहे, धबधबा आहे, आणि घरच्या बाईला सांगतो पुढे काही नाही! हे तिला सलायचं.

यंदा तिच्या गुडघ्यांनी बोंब मारली. डॉक्टर म्हणाले, "चढउतार आता बंद. जे चालायचं ते सपाटीवर." तिने मान डोलावली आणि मनाशी ठरवलं, एकदा ते रान बघायचं, मग खुशाल सपाटीवर राहायचं.

तेवढ्यात नणंद राहायला आली आणि धबधब्यासाठी दादाच्या मागे लागली. बहिणीपुढे शेखी मिरवलेली, आता नाही कसं म्हणणार? निघाले तिघं.

वाटेच्या सुरुवातीला पाटी होती, 'मध्यम'. कप्तान खवळला. "मध्यम? आम्हाला काय समजतात हे लोक!" बायकोला वाटलं, रंगाऱ्याने बहुतेक ह्यांनाच समोर उभं करून तो शब्द लिहिला असावा.

कड्यांवर कप्तान काठी परजत पुढे होता. समोरून येणाऱ्यांच्या बुटांना नावं ठेवत होता आणि कडेपासून होईल तितका आत सरकून चालत होता. मागे बायकोचे गुडघे करकरत होते. दलदल आली. फळ्या दबलेल्या, फटींतून काळं पाणी दिसणारं. कप्तानाची बडबड बंद झाली, आणि तो मटकन खाली बसला.

"घोटा मुरगळला!"

"अगबाई, दादा!" नणंद धावली. "आणि धबधबा?"

"या दिवसांत आटलेला असतो गं. चला परत. नाहीतरी पुढे काही नाही बघण्यासारखं."

बसताना त्याने डावा घोटा धरला होता. आता उजवा चोळत होता. सोंग घ्यायचं तेही धड जमेना!

"वन्सं, तुम्ही दादाला घरी न्या," बायको म्हणाली. "मी पलीकडून बसने येते."

"अगं, तुझे गुडघे!" कप्तान ओरडला.

"माझेच आहेत ना?" म्हणत तिने फळीवर पाय ठेवला.

मधे एक फळी कलली आणि तिचा पाय नडगीपर्यंत चिखलात गेला. नवऱ्याच्या नावाने दोन शिव्या हासडत तिने तो उपसून काढला. मग रान आलं. वाऱ्याने एकाच बाजूला झुकलेली झाडं, खोडांवर शेवाळ, ओल्या लाकडाचा वास. धबधबा कुठला, साधा ओहोळ होता, पँट वर धरून ओलांडावा एवढा. ती पडलेल्या खोडावर बसली. इतकं छान वाटलं तिला, की रागही आला, आणि तो स्वतःचाच. असल्या माणसाच्या एका वाक्यावर आपण इतकी वर्षं थांबलो!

घरी आली तेव्हा कप्तान कोमट पाण्याच्या टबात दोन्ही पाय बुडवून बसला होता.

"वहिनी, होता का गं धबधबा?" नणंदेने विचारलं.

कप्तान टबात बघत राहिला. उत्तर तिने बसमध्येच घोळवून ठेवलं होतं. पण त्याची ती खाली गेलेली मान पाहिली आणि त्याहून चांगलं सुचलं.

"होता तर! अगदी तुमचा दादा सांगतो तस्साच."

नणंद खूश होऊन चहा टाकायला गेली. कप्तानाने सुटकेचा श्वास घेतला, पण तो अर्ध्यातच अडकला.

"खरंच आहे तिथे?" त्याने हळूच विचारलं.

"असं काय विचारता? तुम्ही पाहिलाय ना?"

त्याची कीव येईल असं तिला वाटलं होतं. आली नाही.

चिखलाची पँट तिने धुतली नाही, दाराजवळच्या खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना कप्तान त्या पँटीला वळसा घालून गेला.

थोड्या वेळाने खालून आवाज आला. "समुद्रकाठची वाट ना? आपल्याला विचारा! आधी कडे, मग दलदल, मग ते रान. आणि रानात..."

वर तिने मशीनवरचा पाय उचलला, तशी खडखड थांबली. तिने कान दिला.

"मोजे दाखवू का?" कप्तान म्हणाला.