आईचा पाचवा डोसा

मंडळी, आज दुपारी भाईंदरच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावरची आई म्हणाली, "मला वेगळं नको, तुमच्यातलंच खाईन." मला एकदम सत्तरच्या दशकातली माझी आई आठवली.

तेव्हा जवळच्या राई गावातून आम्ही पहिल्यांदाच हॉटेलात आलो होतो. माणसं पाच, बाबांनी डोसे सांगितले चार! घरी आई सगळ्यांना वाढून शेवटी उरेल ते खायची, तसंच इथेही.

आई फटकन म्हणाली, "इथं वाढणारी मी न्हाय, मंग मी शेवटी का?" तिने वेटरला हाक मारून पाचवा डोसा स्वतः सांगितला. आला तसा गरमागरम खाल्लाही, कोणासाठी न थांबता!

आज आईचं तेच वाक्य मी शेजारच्या टेबलावरच्या त्या बाईंना ऐकवलं. त्यांनी हसत नवऱ्याच्या हातातलं मेन्यू कार्ड ओढून घेतलं.

तुमच्याकडे पाचवा डोसा कोणाचा राहतो?