पाण्याखालची देवी

लाइफ जॅकेटचा ओला, कुबट वास आला की शेवगावकडचा तो धरणाचा फुगवटा आठवतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही सावेडीहून रोहित पक्षी बघायला गेलो होतो. होडी मधोमध आली आणि आई एकदम उभी राहिली. तिच्या माहेरचं देऊळ तिथेच पाण्याखाली गेलं होतं. होडी डुलली, गुलाबी थवा फडफडत उडाला. “मावशी, खाली बसा, व्हडी कलंडंल!” नावाडी ओरडला. “देवीला बसून हात जोडायचे व्हय?” म्हणत तिने पाण्यात हळदकुंकू सोडलं, तेही सावकाश. पोहता आम्हा दोघांनाही येत नव्हतं. मी मुठीत तिचा पदर आवळून धरला होता. यंदा आईशिवाय गेलो. त्याच जागी मी कधी उभा राहिलो, कळलंच नाही. मागून शर्ट ओढला गेला. माझ्या मुलीने तो मुठीत आवळून धरला होता.