शनिवारच्या चॅटमधला साक्षीदार

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा चहाबरोबर हसायला म्हणून वाचते. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाची लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर थांबते... माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. विश्वास न ठेवणं हाच तर माझा पोटापाण्याचा धंदा होता. मी लॉ कॉलेजात फौजदारी कायदा आणि पुराव्याचा कायदा शिकवत असे. "मॅडम, घरी पाहुणे आले होते" म्हणून गैरहजेरीचं कारण सांगणाऱ्या मुलालाही मी विचारायची, पुरावा काय? पोरं मागून मला 'पुरावाबाई' म्हणायची, हे मला ठाऊक होतं. मला ते आवडायचंही.

तर हे २००४ च्या आसपासचं आहे. कॉलेज वसईतलं, नाव देत नाही. मी तेव्हा विरारला बोळिंजमध्ये नव्यानेच फ्लॅट घेतला होता. मूळची मी रत्नागिरीकडची, त्यामुळे वसईच्या वाड्या, तिथली ख्रिस्ती घरं, त्यांची बोली यातलं मला फारसं काही कळत नव्हतं. बसच्या खिडकीतून केळीच्या बागा आणि त्यांच्यामधली बावखलं दिसायची, तेवढीच ओळख. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं. बागेचं शिंपण त्याच्यावर चालतं.

आमचे प्राचार्य मुंबईला कुठल्याशा सेमिनारला जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यात भरलं की आता शिकवणं ऑनलाइन झालं पाहिजे. कुणी करायचं? तर बाईंनी करायचं. तेव्हा इंटरनेटवर फुकट ग्रुप काढता यायचा. मी काढला. त्यात कुणाला घ्यायचं ते माझ्या हातात होतं, माझ्या परवानगीशिवाय चिटपाखरू आत येऊ शकत नव्हतं. आठवडाभर मुलं तिथे मजकूर टाकायची, आणि शनिवारी दुपारी सगळ्यांनी एकाच वेळी चॅटवर यायचं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. ज्यांना जमेल ती कॉलेजच्या लॅबमध्ये बसायची, बाकीची आपापल्या भागातल्या सायबर कॅफेत. मी लॅबमध्ये.

मी एक खटला रचला होता. पूर्णपणे मनाने. मुलांना जवळचं वाटावं म्हणून वसईची वाडी घेतली. दोन सख्खे भाऊ, जमिनीच्या वाटणीवरून भांडण, आणि एका दुपारी थोरला भाऊ बावखलात बुडालेला सापडतो. आरोपी धाकटा. मग भूमिका वाटल्या – सरकारी वकील, बचावाचा वकील, तपास अधिकारी, साक्षीदार. साक्षीदार म्हणजे शेजारच्या बागेतला मजूर, ज्याने लांबून काहीतरी पाहिलं होतं. ही भूमिका सचिनकडे होती. सचिन विरारला राहायचा, घरचे मूळचे साताऱ्याकडचे. सरकारी वकील झाली ग्लॅडिस. ती स्वतः अशाच एका वाडीतली, वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी. भूमिका मी देण्याआधीच तिने मागून घेतली, तेव्हा मला कौतुक वाटलं होतं.

त्या शनिवारी लॅबमध्ये ग्लॅडिस माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होती. बाहेर लख्ख ऊन, मागे कॉलेजचा जनरेटर धडधडत होता कारण लाइट गेलेली. एकेक नाव स्क्रीनवर आलं. सचिनचंही आलं. ग्लॅडिसने पहिला प्रश्न टाइप केला, घटनेच्या वेळी तुम्ही कुठे होता?

उत्तर यायला वेळ लागला. त्या काळी लागायचाच. मग एकच शब्द उमटला.

पाण्यात.

मला वाटलं, सचिन वात्रटपणा करतोय. मी टाइप करणार होते की भूमिका नीट वाचून या, पण तेवढ्यात ग्लॅडिसने पुढचा प्रश्न पाठवून दिला. आरोपीने मयताला ढकलताना तुम्ही पाहिलं का? आता ओळी येऊ लागल्या, छोट्या छोट्या, दोन-तीन शब्दांच्या. अक्षरं मला वाचता येत होती पण भाषा कळेना. मराठीसारखी, तरी आपली मराठी नव्हे. मी ग्लॅडिसला विचारलं, "काय लिहितोय हा?"

तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"मॅडम, ही आमच्या घरची बोली आहे," ती म्हणाली. "आमच्या वाडीतली."

मग तिने हळू आवाजात अर्थ सांगितला. कुणी ढकललं नाही. फेफरं आलं. पात्रू पलीकडे केळीत होता, त्याची पाठ होती. बायकोला विचारा, ती सांगेल.

माझ्या खटल्यात पात्रू नावाचं कुणी नव्हतं. फेफरं तर अजिबात नव्हतं. मी टाइप केलं, सचिन, हे काय चाललंय? त्यावर उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने त्याचं नाव यादीतून गेलं. बाकीच्या मुलांना वाटलं बाईंनीच मुद्दाम काहीतरी ट्विस्ट घातलाय, आणि ती जोरात चर्चा करू लागली.

मी ग्लॅडिसला बाहेर व्हरांड्यात नेलं. तिथे तिने सांगितलं. पात्रू हे तिच्या वडिलांचं नाव. ती शाळेत असताना तिचे थोरले काका, इनास, वाडीतल्या बावखलात बुडून गेले. त्याच आठवड्यात दोघा भावांचं वाटणीवरून वाजलं होतं, आणि त्या दुपारी बागेत दोघंच होते. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? त्यात इनासची बायको, नातालीन काकी, त्या दिवसापासून पात्रूशी एक शब्द बोलली नव्हती. एकाच वाडीत समोरासमोर दोन घरं आणि मध्ये नुसतं अंगण. काकी बोलत नाही म्हणजे तिला काहीतरी माहीत आहे, असं सगळ्यांनी धरलं. ग्लॅडिसचं लग्न ठरलं होतं. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीचं पाणी आणतात, आणि त्यांच्या घरात ते थोरल्या बाईच्या मानाचं काम. काकी येणार नाही म्हणजे लग्नाच्या मांडवात पुन्हा तीच कुजबुज.

"मॅडम, मी सरकारी वकील का झाले माहितीय?" ती म्हणाली. "तो प्रश्न मला कुणाला तरी एकदा विचारायचा होता. घरात विचारता येत नाही. पप्पांना कसं विचारू?"

मला फार वाईट वाटलं. आपण गंमत म्हणून रचलेली गोष्ट या पोरीच्या घरात जाऊन बसली होती, आणि मला पत्ताही नव्हता.

मी दुसऱ्याच दिवशी सचिनला गाठलं. तो बिचारा उलट माफी मागायला लागला, "मॅडम, सॉरी, आमच्याकडे लाइटच गेली, मला येताच आलं नाही." मी त्याच्याबरोबर त्या सायबर कॅफेत गेले. कॅफेवाला म्हणाला, "शनिवारी दुपारभर लाइट नव्हती मॅडम, शटर अर्धं ओढून मी झोपलो होतो." आजूबाजूच्या दुकानांतही तेच सांगितलं. सचिनचा पासवर्ड म्हणजे त्याचंच नाव होतं, हेही कळलं, म्हणजे दुसऱ्या कुणी वापरला असणं शक्य. मान्य. पण कुणी? ती बोली वर्गात ग्लॅडिसलाच येत होती आणि ती माझ्या शेजारी मोकळ्या हातांनी बसलेली. वाडीतल्या कुणी केलं म्हणावं तर त्यांना आमचा ग्रुप, आमची वेळ, सचिनचं नाव कसं माहीत? आणि चॅटमधलं बोलणं तेव्हा चॅटरूम बंद झाली की पुसलं जायचं. म्हणजे ज्या बाईने जन्मभर पुरावा मागितला तिच्या हातात पुरावा शून्य!

एक शंका मात्र मला छळत होती. अर्थ मला ग्लॅडिसने सांगितला होता. तिने स्वतःच्या मनातलं घातलं असेल तर? पण 'फेफरं' हा शब्द मी स्वतः वाचला होता. आणि त्या ओळी इतक्या छोट्या होत्या की न कळताही माझ्या डोक्यात जशाच्या तशा बसल्या होत्या.

पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर ग्लॅडिस मला घ्यायला माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर आली. तिने काकीला काय झालं ते सांगितलं होतं. काकी एवढंच म्हणाली होती, तुझ्या टीचरला माझ्याकडे घेऊन ये.

काकी ओट्यावर चाफ्याची फुलं निवडत बसल्या होत्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, नजर अशी की मीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असल्यासारखी. माझ्याशी त्या स्वच्छ, पुस्तकी मराठीत बोलल्या.

"टीचर, तुम्हांला आमची बोली येते?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही."

"मग जे दिसलं ते तसंच म्हणून दाखवा. अर्थ सांगू नका."

मी म्हणून दाखवलं. अर्थ न कळता पाठ केलेल्या प्रार्थनेसारखं, अडखळत. इथे मी ते लिहीत नाही, कारण माझ्या हातून ते चुकीचंच लिहिलं जाईल. काकींनी फुलं बाजूला सारली. मला पुन्हा म्हणायला लावलं. मग विचारलं, "भरभर बोलला की थांबून थांबून?"

"थांबून थांबून. दोन-दोन शब्द."

"माझ्याबद्दल विचारलं काही?"

खोटं बोलणं सोपं होतं. समोरच्या बाईला बरं वाटलं असतं. पण मी म्हणाले, "नाही. बायकोला विचारा, ती सांगेल, एवढंच."

"तो तसाच," काकी म्हणाल्या. "कामापुरतं बोलायचा." आणि पदर डोळ्यांना लावून त्या रडायला लागल्या.

मग डोळे पुसून त्यांनी सांगितलं. इनासना तरुणपणापासून फेफरं यायचं. लग्नानंतर काकींना कळलं, तेव्हा त्यांनी पवित्र मरियेच्या मूर्तीसमोर काकींना शपथ घातली, की हे कुणाला सांगायचं नाही. आईलाही नाही, भावालाही नाही. बहिणींची लग्नं व्हायची होती, लोक काय म्हणतील याची भीती. ते गेले, पण शपथ तशीच राहिली. ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायची असते, आणि तो तर म्हणणार कसा?

"पात्रूने काही केलं नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "पण त्याच्यासमोर उभी राहिले असते तर तोंडातून निघून गेलं असतं. म्हणून बोलणंच सोडलं. लोकांनी त्याचा भलताच अर्थ लावला, आणि तो अर्थ खोटा आहे असंही सांगता येईना."

ग्लॅडिस खांबाला टेकून उभी होती. ती काकींच्या शेजारी येऊन बसली.

काकींनी मला परत विचारलं, आणि हा प्रश्न त्यांनी माझा हात धरून विचारला. "टीचर, 'ती सांगेल' असंच होतं ना? 'तिला ठाऊक आहे' असं तर नव्हतं? नीट आठवा."

वर्गात मी शेकडो वेळा सांगितलं असेल की साक्षीदाराने एका शब्दाचीही भर घालू नये. ते किती कठीण आहे हे मला त्या ओट्यावर कळलं. मी डोळे मिटले आणि ती ओळ पुन्हा म्हटली, एकेक अक्षर सुटं करून.

काकी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगेल म्हणाला. मग सुटली."

त्या उठल्या, अंगणाच्या कडेपर्यंत गेल्या आणि समोरच्या घराकडे बघून नेहमीच्या आवाजात हाक मारली, "पात्रू, चहा ठेवते. ये."

ग्लॅडिसचे वडील दारात आले. ढगळ बनियन, हातात अर्धा सोललेला नारळ. त्यांनी मागे वळून बघितलं, बहुधा दुसऱ्या कुणाला हाक मारली असं वाटलं असावं. मग नारळ तिथेच पायरीवर ठेवून, अंगण ओलांडून, ते चप्पल न घालताच आले.

ग्लॅडिसच्या लग्नाला मी गेले होते. पाणी आणायला काकी पुढे होत्या. सचिननेही येऊन यथेच्छ जेवण केलं, आणि आपल्या नावावर खरं काय होऊन गेलं याची त्याला आम्ही कधीच दाद लागू दिली नाही.

त्या शनिवारी कीबोर्डवर कोण होतं, हे मला आजही सांगता येत नाही. पुढे कॉम्प्युटरवाल्या दोघातिघांना विचारलं. त्यांनी सर्व्हर, पासवर्ड, लाइन क्रॉस होणं वगैरे बरंच समजावलं. त्यांचं सगळं खरं असेल, पण फेफऱ्याचं त्या लाइनला कुणी सांगितलं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. कोर्टात माझी साक्ष एक मिनिट टिकली नसती. दुसऱ्याचं बोलणं, तेही मला न कळणाऱ्या भाषेत, आणि बोलणारा कोण ते माहीत नाही. दुसऱ्या कुणी दिली असती तर मीच ती फेटाळून लावली असती. पण मला कुणी आज पुन्हा शपथेवर उभं केलं, तर मी तीच साक्ष देईन, शब्दाला शब्द.