मंगळवारी गेलेला वासुदेव

अमिरातीत, अजमानला राहणारा वासुदेव कोलते शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायचा. कंपनीचं एक गिऱ्हाईक ओमानमध्ये, सोहारला होतं. म्हणून चौदा वर्षं तो दर आठवड्याला सरहद्द ओलांडून जायचा नि संध्याकाळी परतायचा. डोंगरातल्या त्या चौकीवर पूर्वी पासपोर्टवर शिक्का बसे. वर्षभरापूर्वी शिक्के बंद झाले. आता नुसतं कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की यल्ला, पुढे.

त्या गुरुवारी सकाळी दिवा लागलाच नाही.

आतल्या अधिकाऱ्याने आधी स्क्रीन पाहिला, मग त्याच्याकडे. "हबीबी, तू बाहेर जाणार कसा? तू मंगळवारीच गेलायस. अजून परत आलेला नाहीस."

वासुदेवला हसूच आलं. मंगळवारी तर तो तापाने फणफणला होता. गोळी घेऊन दिवसभर घरी पडून होता.

अधिकाऱ्याने स्क्रीन त्याच्याकडे वळवला. फोटोत तोच होता. विरळ होत चाललेले केस, डाव्या भुवईवरचा व्रण, अंगात कंपनीचा निळा शर्ट. चेहरा मात्र ताजातवाना, ताप नसलेल्या माणसाचा.

त्याला बाकावर बसवलं. वासुदेवने सोहारच्या मॅनेजरला, तहसीनला फोन लावला. "मंगळवारी आमच्याकडून कोण आलं होतं?"

"कोण म्हणजे? तुम्हीच की, भाई! कॉम्प्रेसर बसवलात, सही केलीत." तहसीन जरा घुटमळला. "पण त्या दिवशी तुम्ही कोणाशी एक शब्द बोलला नाहीत."

वासुदेवने बायकोला फोन करून मंगळवारचं विचारलं. उर्मिला शारजात, रोल्लाच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. या गुरुवारी मात्र ती सुट्टी घेऊन लेकीसोबत घरी होती.

"अहो, तुम्ही घरीच होतात," ती म्हणाली. "म्हणजे, मी सकाळी आठला कामाला निघाले नि संध्याकाळी सातला आले. तेव्हा झोपलेलेच होतात."

"मध्ये फोन केला होतास?"

"तीनदा. तुम्ही उचलला नाहीत."

अधिकारी कागद घेऊन आला. मंगळवारी गेलो होतो, परतताना नोंद राहून गेली, असं लिहून द्यायचं, मग खलास. नाहीतर नोंदीत तो ओमानमध्येच राहणार, नि इथला माणूस कोण ते शोधावं लागणार.

फोनवर अस्मी, त्याची लेक, आली. "बाबा, जस्ट साइन इट अँड कम होम!"

त्याने सही केली. अधिकाऱ्याने एक बटण दाबलं. "आता तू आत आलास," तो म्हणाला. वासुदेव बाकावरून हललाही नव्हता.

तो सोहारला गेला नाही, व्हॅन तशीच मागे वळवली. कंपनीच्या गोदामात खरोखरच एक कॉम्प्रेसर कमी भरला. तिकडे यंत्र उत्तम चालत होतं, त्यामुळे कोणी फार खोलात गेलं नाही. वासुदेवने दुबईत, रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये बदली मागून घेतली नि सरहद्द कायमची सोडली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी डोळा लागायला आला की तो आधी उर्मिलाला कळवतो. ती तासाभराने फोन करते. एकदा त्याने उचलला नाही, तर ती ड्युटी टाकून टॅक्सीने घरी आली. तो गाढ झोपला होता. तिने त्याच्या पायांना हात लावून पाहिला, दाराशी ठेवलेले त्याचे बूट उचलून तळाला ताजी धूळ आहे का ते निरखलं, नि मगच पर्स खांद्यावरून उतरवली.