बरणीतलं खत

आज सकाळी आईनं परसातल्या खताच्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि लेकराचा ताप बघावा तशी क्षणभर थांबली. म्हणाली, "आता ऊब धरलीय बघ."

खड्डा मी खणला होता, कॉलेजच्या प्रकल्पासाठी. पुस्तकात होतं तसे पालापाचोळा, शेण, माती असे थर टेपनं मोजून दिले. आई तेव्हाच म्हणाली होती, "पाणी लई झालंय रं, घाण सुटंल." मी म्हणालो, "तुला नाही कळायचं त्यातलं."

घाण सुटलीच. प्रकल्प द्यायच्या दिवशी आईनं तिच्या उकिरड्यातलं खत चाळलं आणि लोणच्याची बरणी भरून दिली. बरणीवर मी माझं नाव चिकटवलं. सरांनी खत चिमटीत धरून वास घेतला. "याला म्हणतात अभ्यास!" टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, तो त्यांना विनय वाटला.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिकल्यावर माणूस वर जातो म्हणतात. मी मात्र आईच्या हातचं उचलून माझ्या नावावर खपवलं.

"आवडलं का रं सरांना?" घरी आल्यावर तिनं विचारलं होतं. मी नुसतं "हो" म्हणालो. ती इतकी हरखली, की सरांना मी तिचं नावही सांगितलं नाही, हे बोलायचं राहून गेलं. मग तिनंच माझा खड्डा उपसला आणि सुका पाला घालून पुन्हा भरला.

"घाल की हात. तुझाच खड्डा हाय," ती आज म्हणाली.

मी हात घातला. आत खरंच ऊब होती. हात लवकर बाहेर काढवेना, कारण मग तिच्याकडं बघावं लागलं असतं.