जुईला कोण जेवू घालत होतं?

या पानावरचे अनुभव मी नेमाने वाचते, आणि खाली "आधी डॉक्टरला दाखवा" अशी कमेंट टाकणारी खवचट बाई मीच. अंगात येणं, बाहेरचं लागणं, दृष्ट... यातल्या कशावरच माझा काडीचा विश्वास नव्हता. मी नर्स आहे. सुरतेला लहान मुलांच्या वॉर्डात कैक वर्षं काढली. "काहीतरी बाहेरचं आहे" म्हणत तापलेलं लेकरू उशिरा घेऊन येणाऱ्या आयांना मी चांगलं झापलंय. आता तसलंच काही मी स्वतः लिहायला बसलेय, तर हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

गोष्ट गेल्या श्रावणातली. मला ऑस्ट्रेलियातल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती. मी, माझा नवरा नितीन आणि आमची चार वर्षांची जुई, तिघांचे व्हिसा आले. सुरतेची खोली सोडली, कपाट-फ्रिज विकून टाकले आणि विमानाच्या तारखेपर्यंत सारंगखेड्याला, नितीनच्या घरी येऊन राहिलो. घर तापीकाठापासून हाकेच्या अंतरावर. समोर ट्रॅक्टर, मागे पपईचं शेत. घरात सासूबाई, मोठे दीर — त्यांना सगळे दादा म्हणतात — जाऊबाई आणि त्यांचा मुलगा.

खरं सांगायचं तर मी आधीपासूनच घाबरलेली होते. नोकरी मिळाली तेव्हा पेढे वाटले, पण बॅगा भरायला लागले तशी एकेक गोष्ट टोचायला लागली. तिथे कोणी ओळखीचं नाही. माझ्या नाइट ड्युट्या. जुईला इंग्रजी येत नाही, ती मराठी-गुजराती मिसळून बोलते. तिला काही झालं तर ती सांगणार कुणाला? आपण पोरीला कुठे ओढत नेतोय... हा विचार दिवसभर डोक्यात. वरून मात्र मी सगळ्यांना हसून सांगायचे, "काही नाही हो, आजकाल सगळेच जातात."

त्यातच कानबाई आली. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळ हीच देवी. तिला साडी नेसवतात, दागिने घालतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याला जे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करतात त्याचे गहू आधी मोजायचे असतात. आमच्या घरी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ. बायका-मुली त्या त्या पुरुषाच्या वाट्यात जेवतात. रोट फक्त भावकीने खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, वेशीबाहेर न्यायचे नाहीत, आणि उरले तर घरच्यांनीच संपवायचे.

रविवारला चार-पाच दिवस असताना सासूबाई गहू मोजायला सूप घेऊन बसल्या. वारलेल्या सासऱ्यांच्या आधीच्या पिढीपासून चालत आलेला क्रम त्यांना तोंडपाठ. दादांचं नाव घेतलं, त्यांच्या मुलाचं घेतलं, आणि नितीनच्या नावाला हात पोत्यात घातला तेवढ्यात नितीन म्हणाला, "आई, आम्हीन सोमवारले निंघसूत. मन्ही मूठ नको टाकू. उरेल रोट कोन खाई?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हाताऱ्या आईला आठवडाभर शिळे रोट संपवत बसायला लागू नये, एवढंच. पण दारातून दादा बोलले, "जाणारा चालना. त्यानी मूठ कसाले?"

व्हिसा आल्यापासून दादा धाकट्या भावाशी धड बोलत नव्हते. दोघांनी मिळून शेत वाढवलं होतं, आणि हा निघाला परदेशात. सासूबाई म्हणाल्या, "आसं कोठे ऱ्हास का रे?" पण दादा वळून ट्रॅक्टरकडे निघून गेले. सासूबाईंनी पोत्यातला हात रिकामाच बाहेर काढला. मी तिथेच भाजी निवडत होते. मला यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरंच झालं म्हटलं.

त्याच संध्याकाळी जुईने ताट सरकवलं. "मी जेवली." म्हटलं, जाऊबाईंनी काहीतरी चारलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध नको. दुपारी वरण-भात नको, तिची लाडकी मॅगी नको. पाणी तेवढं प्यायची. "मी जेवली ना, मम्मी" हेच पालुपद. खेळत मात्र होती, वासराच्या मागे पळत होती.

तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. तिला घेऊन नंदुरबारला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. पोट मऊ, घसा स्वच्छ, साखर नॉर्मल. वजन सुरतेला व्हिसाच्या मेडिकलच्या वेळी होतं तेवढंच. लघवीतल्या कीटोनची तपासणी मी मुद्दाम करायला लावली. माणूस उपाशी राहिला की शरीर चरबी जाळायला लागतं आणि ते लघवीत उतरतं, लहान मुलांमध्ये तर लवकरच. तपासणीची पट्टी खोटं बोलत नाही. ती पट्टी कोरी निघाली.

डॉक्टर हसले. "सिस्टर, ही उपाशी नाही. घरात कुणीतरी लपूनछपून खाऊ घालतंय. आजी आहे ना घरी?"

मला ते शंभर टक्के पटलं. सासूबाईंना नात जाऊ नये असं वाटतंय, म्हणून हे नाटक! घरी येऊन मी फाडकन विचारलं. त्या रडायलाच लागल्या. तरी माझा संशय जाईना. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मी जुईला घेऊन वरच्या खोलीत बसले, आतून कडी लावून. चित्रं काढली, गोष्टी सांगितल्या, न्हाणीतही तिच्याबरोबर गेले. क्षणभर नजरेआड केली नाही. दुपार टळल्यावर, नंदुरबारहून येताना आणलेल्या पट्ट्यांमधली एक वापरली. कोरी.

आणि तिला जवळ घेतलं तर तिच्या तोंडाला तुपाचा वास येत होता. भाजलेल्या गव्हाचा आणि तुपाचा. मी तिचं तोंड उघडून टॉर्चने पाहिलं. काही नाही.

"जुई, खरं सांग. कोण देतं तुला?"

"बा." सुरतेला शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना ती गुजरातीत बा म्हणायची.

"कुठली बा?"

"नवी बा. लाल साडीवाली. तिला डोळे आहेत, मोठे मोठे. नथ आहे. तोंड नाहीये." मग ती हसली. "तोंड नाही ना, म्हणून ती नाही जेवत. माझ्याच तोंडात घालते."

मी तिला उचलून खाली आणलं आणि सासूबाईंसमोर पुन्हा तेच बोलायला लावलं. सासूबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं.

आमच्या घरच्या कानबाईच्या नारळाला चांदीचे डोळे लावतात आणि नथ घालतात. तोंड लावत नाहीत, पहिल्यापासून तशीच रीत. नारळ वर्षभर माळ्यावर पितळी डब्यात बंद असतो, रविवारीच काढतात. जुई कधी कानबाईला आलीच नव्हती. मला श्रावणात रजा मिळायची नाही, मीही लग्नानंतर एकदाच पाहिलेली. आमच्याकडे तिचा फोटो काढत नाहीत. तरी मी सगळ्यांचे मोबाईल चाळले, जाऊबाईंचे जुने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसुद्धा. कुठेही नव्हता. माळ्यावरचा डबा उतरवला तर झाकणावर वर्षाची धूळ तशीच. कुणाचं बोट उठलेलं नाही.

मला वाटलं होतं सासूबाईंना आनंद होईल, देवी प्रसन्न झाली वगैरे म्हणतील. त्या तर पांढऱ्या पडल्या होत्या.

"नितीननी मूठ टाकी नही," त्या म्हणाल्या, "मंग पोरनं पोट कोना वाटावर? तुम्हीन तिले मोजं नही, तिनी मोजी लिनं." आणि जुईला पदराखाली ओढून हळूच म्हणाल्या, "आते ती तिले सोडी का?"

आम्ही न मोजलेली पोर देवीने आपल्यात मोजून घेतली, ती आता सोडेल का... त्या एका प्रश्नाने माझी झोप उडाली. आता मूठ टाकायची सोय नव्हती, गहू दळून आले होते आणि एकदा दळलं की त्यात भर घालत नाहीत. मी नितीनला म्हटलं, तिकिटं रद्द कर. तो म्हणाला, तू? तू असं बोलतेस? मी म्हटलं, हो, मी. रुजू व्हायच्या तारखेला पोचले नाही तर नोकरी जाईल, गेली तर गेली. पण ही पोर तिथे जेवली नाही तर? तिथे सारंगखेड्याची बा येणार आहे का चारायला? मी ओरडत होते, आणि ज्या आयांना झापायचे त्यांच्यासारखीच दिसत असणार.

रविवारी कानबाई बसली. लाल साडी, चांदीचे डोळे, नथ. जुईने तिच्याकडे पाहून ओळखीच्या माणसाला करतात तसा हात हलवला. मी तिकडे बघायचंच टाळलं.

आरती झाली, पंगत मांडली. रोट ज्यांच्या नावाचे त्यांच्यापुढे आले. नितीन पंगतीला न बसता भिंतीशी उभा राहिला, कारण त्याची मूठच नव्हती. जुई माझ्या मांडीवर. कुणाला काय करावं कळेना. मी सासूबाईंकडे बघत होते, त्या देवीकडे.

तेवढ्यात दादांनी आपलं ताट पुढे ओढलं. "जुई, आठे ये. मन्हापान बठ."

ती गेली. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, रोटाचा तुकडा तुपात बुडवला आणि तिच्या तोंडाजवळ नेला. "हाई मन्हा वाटानं शे. खा, माय." जुईचं तोंड मिटलेलंच. भावाकडे न बघता दादा म्हणाले, "चुकनं मन्हं. मन्ही मूठ मोठी शे, नितीन. तुन्ही पोरले पुरी."

जुईने देवीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं.

तिने सबंध रोट खाल्ला, वर वांग्याची भाजी खाल्ली आणि पाणी मागितलं. मी तोंडात पदर कोंबून रडत होते. नितीन दादांच्या पाठीशी जाऊन बसला आणि त्यांनी आपल्या ताटातला तुकडा मागे सरकवला.

सोमवारी तापीवर देवीला निरोप देऊन आम्ही निघालो. वाटेत हॉटेलात जुईने पराठा मागून घेतला. पण सासूबाईंचा प्रश्न माझ्या मनातून हलत नव्हता. सोडलं का तिने? विमानात मी दर थोड्या वेळाने जुईच्या कपाळाला हात लावत होते. तिने धरून ठेवलं असेल ही भीती कमीच होती, त्याहून मोठी एक लाजिरवाणी भीती होती — सोडलंच असेल, तर आता हिला तिकडे कोण?

ऑस्ट्रेलियात उतरलो. तिथे खाण्याच्या जिन्नसांबाबत फार कडक असतात, म्हणून मी बरोबर बिस्किटाचा पुडासुद्धा घेतला नव्हता. जुईचे कपडे नवे, हातपाय विमानात दोनदा पुसलेले. तपासणीच्या रांगेत गणवेशातली एक बाई छोटा, लांब कानांचा कुत्रा घेऊन आली. हे कुत्रे बॅगा हुंगतात आणि खायचं काही असलं की शेजारी बसतात. तो कुत्रा आमच्या बॅगा ओलांडून सरळ जुईपाशी आला आणि बसला.

त्या बाईने हसत जुईचे खिसे तपासले, बूट काढून बघितले, आमच्या सगळ्या बॅगा उघडल्या. काहीच नाही. तिने कुत्र्याला लांब नेऊन परत आणलं. तो पुन्हा जुईजवळच बसला, तिच्या उजव्या हाताला नाक लावून. हाताची मूठ वळलेली होती. बाईने खुणेने सांगितलं, उघड. जुईने उघडली. रिकामी. बाईने खांदे उडवले आणि आम्हाला जायला सांगितलं.

मी खाली वाकून तो इवलासा तळवा नाकाशी नेला. तूप, आणि भाजलेला गहू.

मला याचा अर्थ आजही लागलेला नाही. कुणाला लावता आला तर जरूर लिहा, "डॉक्टरला दाखवा" एवढं सोडून. त्या परक्या विमानतळावर गुडघ्यावर बसून मी तिची मूठ पुन्हा मिटवली आणि कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा माझी भीती गेली.